कडोदरा, मशीन नंबर सात

उधना, सुरत
१८ नोव्हेंबर १९९६

चि. नूतन,

माझे पत्र पाहून तुला नवल वाटेल. सहा वर्षांत आपण एकमेकांशी थेट बोललेलो नाही. मी जेवायला आलो की तू ताट चेतनच्या हाती पाठवायचीस आणि भाजी चांगली झाली आहे हे मी चेतनला सांगायचो. आपल्याकडे जेठ आणि भावजय यांची हीच रीत आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आता मधला माणूस राहिला नाही, म्हणून लिहावे लागते आहे.

योगिता शाळेत रमली का? आईचा गुडघा कसा आहे?

कामाचे सांगतो. चेतन साइटवर जाताना काळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही नेत असे. ती ऑफिसात नाही. तू अमळनेरला नेलेल्या सामानात असावी. ती मला हवी आहे.

आमची कंपनी म्हणजे जेमतेम पाच माणसे. कापड रंगवायच्या मशीनचे तापमान सांभाळणारा डबा आम्ही बनवतो. डबा आणि आतला सर्किट बोर्ड माझा, चिपमधला प्रोग्राम चेतनचा. असे एकोणतीस डबे पांडेसरा आणि कडोदऱ्याच्या डाइंग हाउसमध्ये बसवले. त्यातले बरेच मधेच थिजतात. आकडा ९४ दिसत असेल तर ९४च राहतो, मशीन तापो की निवो. मग कापडाचा रंग बिघडतो आणि शेठचा फोन येतो. तक्रार पाहायला नेहमी चेतन जायचा, त्यामुळे कुठे काय झाले याची नोंद फक्त त्या वहीत आहे.

मालक जयंतभाईंनी जानेवारीअखेरची मुदत दिली आहे. तोपर्यंत दोष सापडला नाही तर चेतनचा प्रोग्राम काढून टाकायचा आणि अहमदाबादच्या एकाकडून नवा लिहून घ्यायचा. त्याचे दोन वर्षांचे काम त्यात जाईल, आणि ते चुकीचे होते असे कायमचे ठरेल. मला ते नको आहे.

दिवाळीत ऑफिस चार दिवस बंद होते. मी तरी येऊन बसलो. खोलीवर बसवत नाही. इथेही बसवत नाही.

वही रजिस्टर पोस्टाने पाठव.

शालिग्राम


अमळनेर
२७ नोव्हेंबर १९९६

ती. दादांस नमस्कार.

पत्र मिळालं. आईंना वाचून दाखवलं, गुडघ्यापुरतंच. त्या म्हणाल्या, ‘त्याला म्हणावं, गुडघा माझा मी बघते, तू वेळेवर जेव.’

वही आहे. पण पाठवणार नाही. पोस्टात हरवली तर दुसरी कुठून आणू? ह्यांच्या हातचं सलग लिहिलेलं माझ्याकडे एवढंच आहे, बाकी किराणाच्या याद्या. कोणती पानं हवीत ते कळवा. मी उतरवून पाठवीन. बी.एस्सी. झाले आहे, आकडे चुकवणार नाही. इथल्या कन्याशाळेत रजेच्या जागेवर विज्ञानच शिकवते आहे.

दोन गोष्टी विचारते. दोष प्रोग्रामातच आहे हे कशावरून ठरलं? तुमच्या पत्रात तसं कुठे लिहिलेलं नाही, पण काढून टाकायचा म्हणता तो प्रोग्रामच. बोर्ड काढून टाका असं कुणी म्हणत नाही.

आणि त्या दिवशी हे कडोदऱ्याला कशाला गेले? २६ सप्टेंबरला सकाळी मला म्हणाले होते की आज दिवसभर ऑफिसात आहे. आणि दुपारी एक वाजता कळलं ते कडोदऱ्याच्या रस्त्यावर ट्रकनं उडवल्याचं.

योगिता रमली आहे.

नूतन


उधना
४ डिसेंबर १९९६

चि. नूतन,

उतरवून पाठवलेस तरी चालेल. तक्रारींची पाने हवीत: तारीख, कारखाना, मशीन नंबर, डबा किती तास चालून थिजला, थिजताना आकडा काय होता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर. तक्रारीचा बोर्ड परत आला की मी तो टेबलावर लावतो. तीन दिवस, चार दिवस, सतत चालतो. खाली टेबल-लँप ठेवून तापवला, बर्फाच्या लादीवर ठेवला, शेजारी ड्रिल मशीन चालवले. एकदाही थिजला नाही. बोर्डात दोष असता तर टेबलावर दिसला असता. सोळा वर्षे पुण्याच्या कंपनीत मी हेच काम केले आहे. म्हणून प्रोग्राम.

दुसऱ्याचे उत्तर. तक्रार आली होती म्हणून गेला. आमचे कामच तसे आहे.

मी टेबलाशी दहा मिनिटे बसतो आणि उठतो. खाली जातो, रस्ता ओलांडतो, परत येतो. जयंतभाई म्हणाले, ‘शालिग्रामभाई, बेसो ने. तमे तो सेल्समन करतां वधारे फरो छो.’ सेल्समनपेक्षा जास्त फिरतो म्हणे मी. मी बसलो, पण त्यांचा फोन आला तेव्हा पुन्हा जिन्यात होतो.

शकुंतला पुण्याला घरी परत ये म्हणते. आमच्या मुलींच्या वार्षिक परीक्षेनंतर पाहू असे कळवले आहे.

शालिग्राम


अमळनेर
१३ डिसेंबर १९९६

ती. दादांस,

सोबत चार पानं आहेत. एकोणतीस मशीन, बेचाळीस तक्रारी. तुम्ही सांगितलेले रकाने पाडून लिहिलं आहे. शेवटच्या रकान्यात ह्यांनी पुष्कळ काहीबाही लिहिलंय, कोण भेटलं, काय खाल्लं, कुणाची बायको बाळंतीण झाली. ते सोडून दिलंय.

उतरवताना एक दिसलं. पांडेसऱ्याच्या एका कारखान्यात बारा आणि तेरा नंबरची दोन मशीन आहेत. मार्चमध्ये डबे बसवले आणि त्यानंतर त्यांच्यापुढे एकही तक्रार नाही. बाकी कोणी चार दिवसांत थिजलं, कोणी चाळीस. ही दोन कधीच नाहीत.

प्रोग्राम सगळीकडे एकच होता ना? मग ह्या दोन ठिकाणी तो शहाणा कसा? वर्गात एखादीनं मला असं विचारलं असतं तर उत्तर दिल्याशिवाय मी पुढे जाऊ शकले नसते.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं, पण दिलं नाही.

नूतन


उधना
२० डिसेंबर १९९६

चि. नूतन,

पत्र वाचून झाल्यावर मी जेवणाचा डबा तसाच ठेवून पांडेसऱ्याला गेलो.

बारा आणि तेरा चालू होती. तिथला ऑपरेटर विठ्ठल शिंदखेड्याकडचा आहे. मला म्हणाला, ‘हे दोन डबे लई गुणाचे, साहेब. ह्यांना हात नका लावू, तुमच्या हाताची नजर लागंल.’ तरी उघडले. माझाच बोर्ड, त्याच महिन्यात बनवलेला. चिपवर चेतनच्या अक्षरातले लेबल, तोच प्रोग्राम, तोच क्रमांक. स्वच्छ. काही फरक नाही. तास-दीड तास नुसता पाहत उभा राहिलो. शेवटी विठ्ठलने स्टूल आणून दिले.

थंडी पडल्यापासून तक्रारी वाढल्या आहेत. सकाळी डाइंग हाउसमध्ये वाफेने समोरचे माणूस दिसत नाही, गार लोखंडावर पाणी धरते. काल एका दिवसात तीन बोर्ड परत आले. आले की मी ब्रश आणि थिनरने पुसून घेतो, मग टेबलावर लावतो. तिन्ही व्यवस्थित चालत आहेत. हे चालणे मला आता सहन होत नाही.

कंपनीने ग्राहकांना धीर धरा असे पत्र पाठवले आहे.

शालिग्राम


अमळनेर
२ जानेवारी १९९७

ती. दादांस,

रविवारी भिकनभाऊ आणि त्यांची बायको धुरपदाबाई भेटायला आले होते. कडोदऱ्याच्या कारखान्यात सात नंबरच्या मशीनवर असतात ते. त्यांचं गाव इथून तीन कोसांवर. हे गेल्यापासून सुट्टीच मिळाली नव्हती म्हणाले. धुरपदाबाईंनी मेथी आणली होती, दोघी निवडत बसलो.

तुमच्या कंपनीचं पत्र त्यांच्या कारखान्यात फळ्यावर लावलं आहे. हिंदीत आहे म्हणून त्यांना वाचता आलं. त्यात लिहिलंय की आधीच्या इंजिनियरच्या प्रोग्राममध्ये दोष होता, तो इंजिनियर आता कंपनीत नाही, नवा प्रोग्राम येईपर्यंत सहकार्य करावं.

‘आता कंपनीत नाही.’

भिकनभाऊ म्हणाले, खाली सही मोठ्या साहेबांची आहे. मी विचारलं, जयंतभाईंची? ते धुरपदाबाईंकडे बघायला लागले. मग म्हणाले, ‘नई वहिनी, तुमना जेठनी.’

खरं आहे का?

नूतन


उधना
८ जानेवारी १९९७

चि. नूतन,

खरे आहे.

पत्राचा मजकूर जयंतभाईंनी केला. मी त्यांना म्हटले होते की त्याचे नाव यात आणू नका. ते म्हणाले, ‘नाम क्यां लख्युं छे? अने मरेला माणसने शुं फरक पडे, शालिग्रामभाई? कंपनीने पडे.’ नाव नव्हते हे बरोबर. सही केली. तेव्हा मला खरोखर वाटत होते की दोष प्रोग्रामचा आहे. पण तुला लिहिताना ‘धीर धरा’ एवढेच लिहिले, म्हणजे सही बरोबर नव्हती हे मला कळत होते.

यापुढे पाने पाठवावीस असे म्हणायचा मला अधिकार नाही. तरी एक विचारतो. बारा आणि तेरासमोर त्या सोडून दिलेल्या रकान्यात चेतनने काही लिहिले आहे का? काहीही. जेवणाचे असले तरी. नसेल सांगायचे तर सांगू नकोस.

शालिग्राम


अमळनेर
१८ जानेवारी १९९७

ती. दादांस,

आठ दिवस हे पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. संक्रांतीला आईंनी तुमच्या नावानं तिळगूळ वेगळा काढून ठेवला. त्याला कधी पाठवतेस म्हणून रोज विचारतात. म्हणून लिहिते आहे.

बारा आणि तेरापुढे एवढंच आहे: ‘शेठच्या काकी वारल्या. सुतक. पूजा नाही, नारळ नाही, पेढे नाहीत. उपाशी परत.’

मग मी बाकीच्यांचा तो रकाना पहिल्यापासून वाचला. बाकी सगळीकडे नारळ आहे. डबा बसवला की शेठ नारळ फोडतो आणि हे त्याची नोंद करतात. नमुन्यादाखल उतरवते.

‘मशीन ४. नारळ डब्याच्या कोपऱ्यावरच फोडला. डब्याला पोचा. पेढे बरे.’

‘मशीन ९. शोभाबाई म्हणून झाडणाऱ्या मावशी आहेत, शेठने त्यांच्या हातून फोडवला. पाणी डब्यावर ओतलं, अभिषेकच.’

‘मशीन ७, कडोदरा. दुरुस्त करून परत बसवला. पहिला नारळ लाभला नाही म्हणून ह्या वेळी दोन.’

मला हसू आलं. सहा वर्षांच्या संसारात मला वाटायचं की हे साइटवर काम करतात.

आणि एक वाक्य आहे. तीन वेगवेगळ्या पानांवर तेच. ‘केबल वरून का? दादाला परत विचारणे.’ दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी ‘परत’खाली रेघ आहे.

ह्याचा अर्थ मला कळत नाही. तुम्हाला कळेल असं वाटतं.

नूतन


उधना
२५ जानेवारी १९९७

चि. नूतन,

तुझे पत्र मंगळवारी आले. अर्थ लगेच कळला. पण बुधवार ते शुक्रवार खात्री करण्यात गेले.

आमच्या डब्यात केबल वरून शिरते. वरच्या पत्र्याला भोक, त्याला रबरी बूच. जुन्या मशीनच्या तारा वरूनच येतात, म्हणून मी तसे ठेवले, बसवायला सोपे. नारळाचे पाणी डब्यावर ओतले की केबलच्या कडेने आत उतरते आणि थेंब-थेंब बोर्डाच्या डाव्या कोपऱ्यावर पडते. तिथे स्फटिक आहे, म्हणजे ज्याच्या ठोक्यावर चिप चालते तो भाग. पाणी वाळते, पण त्यातले मीठ आणि साखर मागे राहते. कोरडे असताना काही करत नाही. वाफ लागली की ओलसर होते आणि ठोका बंद पडतो. म्हणून थंडीत जास्त.

बोर्ड माझ्याकडे आला की तो डाग मला दिसायचा. सोल्डरचा चिकटा समजून मी थिनरने पुसायचो. मग तो टेबलावर चालायचा, चालणारच. पुसलेला बोर्ड परत गेला की शेठ पुन्हा नारळ फोडायचा, आधीपेक्षा मोठा.

उधन्याच्या बाजारातून नारळ आणला. दोन चमचे पाणी एका चांगल्या बोर्डावर सोडले, एक दिवस वाळवले, खोलीवरून कुकर आणून त्याच्या वाफेवर धरले. पस्तीस मिनिटांत आकडा थिजला. दुसरा बोर्ड नारळाशिवाय तसाच धरला. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, दिवसभर चालला. जयंतभाई बघत उभे होते. म्हणाले, ‘नारियेळ?’ मग खुर्चीत बसून पोट धरून हसले आणि नंतर कपाळाला हात लावला. त्यांच्या सासऱ्यांच्या कारखान्यात पहिला नारळ त्यांनीच फोडला होता.

प्रोग्राममध्ये काही चूक नाही. एका ओळीची नाही.

चेतनने मला तीनदा विचारले होते की केबल खालून का घेत नाहीस. पाण्याचे त्याला काय दिसले होते ते त्याने सांगितले नाही, की मी सांगू दिले नाही, आता आठवत नाही. मी म्हटले होते, डब्याचे मी बघतो, तू तुझे बघ.

नवे पत्र मी लिहिले. दोष डब्याच्या रचनेचा होता आणि रचना माझी होती, प्रोग्राम निर्दोष आहे व तोच राहील. जयंतभाई म्हणाले, ‘आवुं न लखाय, आबरू जाय.’ मी म्हटले, माझी जाईल, सही माझी आहे. त्यांनी कागद ओढून घेतला आणि स्वतः शिक्का मारला. प्रत्येक कारखान्यात मी स्वतः नेऊन देतो आहे, आणि त्याच फेरीत भोके खाली पाडून देतो आहे. जुने पत्र फळ्यावरून माझ्या हाताने काढतो.

आज कडोदऱ्याला गेलो. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा त्या रस्त्याने. भिकनने ओळखले. म्हणाला, ‘तुमना भाऊ भलता इचारे, साहेब. नारय कोठे फोडा, पेढा कोनी वाटा, बठ्ठं लिखी ले. मी म्हनू, भाऊ, मशीननी कुंडली काढस का?’

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. त्या दिवशी त्याला मी पाठवले. सात नंबरची तक्रार आली, तो म्हणाला प्रोग्राम ठीक आहे, आज जाऊन उपयोग नाही, आधी डबा बघू. मी म्हटले, तुझा प्रोग्राम आहे, तू जा. मोठा भाऊ म्हणून सांगितले. इंजिनियर म्हणून सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

हे मी आईलाही सांगितलेले नाही.

शालिग्राम


अमळनेर
१ फेब्रुवारी १९९७

ती. दादांस,

तुम्ही पाठवलंत हे मला पहिल्यापासून माहीत होतं. हॉस्पिटलमधून ह्यांच्या खिशातल्या वस्तू मिळाल्या, त्यात एक चिठ्ठी होती. ‘कडोदरा, मशीन नंबर सात. आजच.’ अक्षर तुमचं.

वही मी त्यासाठीच दिली नाही. हातचं लिहिलेलं वगैरे खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. चिठ्ठीचं तुम्ही स्वतःहून लिहिता का ते बघत होते. लिहिलं नसतं तर वही दिली नसती, कंपनीनं प्रोग्राम फेकला असता तरी. हे चांगलं नाही, पण तसं होतं.

वही भिकनभाऊंबरोबर पाठवते आहे. ते दोन दिवसांसाठी परत गावी आले आहेत, सोमवारी निघणार आहेत. धुरपदाबाईंनी ती लुगड्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली आहे. तिळगूळही त्यातच आहे. काम झालं की परत द्या.

आईंना मी सांगितलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगा.

आता मला विचारायचं आहे आणि तुम्ही खरं उत्तर द्यायचं आहे. त्या दिवशी सकाळी आमचं भांडण झालं. योगिताच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, आणि हे म्हणाले दादांनी बोलावलंय, जमणार नाही. मी बोलले. म्हटलं, तुम्ही भावाचे इंजिनियर नाही, शिपाई आहात. दादांनी ऊठ म्हटलं की उठायचं. तुमच्याबद्दल असं बोलले हे लिहिताना लाज वाटते, पण बोलले. हे पायात चपला घालून गेले. रोज कोपऱ्यावरून हात करायचे. त्या दिवशी वळून बघितलं नाही.

चार महिने मी एकच हिशेब करते आहे. डोक्यात माझं बोलणं असेल तर समोरचा ट्रक कसा दिसेल?

ते कडोदऱ्याला निघाले तेव्हा रागात होते का? आणि कुणावर?

नूतन


उधना
७ फेब्रुवारी १९९७

चि. नूतन,

वही मिळाली. भिकनने ती माझ्या हातात दिली आणि पिशवी उलटी करून दाखवली, मागे काही राहिले नाही म्हणून. तिळगूळ ऑफिसात सगळ्यांना दिला.

तुझ्या प्रश्नाला उत्तर देतो. तुला बरे वाटावे म्हणून काही घालत नाही आणि काही काढत नाही. बरे वाटायला लिहायची सवय मला नाही, हे तुला माहीत आहे.

तो सव्वानऊला आला. आल्या आल्या तुझे वाक्य मला सांगितले. हसत सांगितले. ‘दादा, नूतन म्हणते मी तुझा शिपाई. म्हणजे निदान गणवेश तरी शिवून दे.’ मी हसलो नाही. तो म्हणाला, ‘तिचं बरोबर आहे पण. शाळेत जायला हवं होतं.’ मग म्हणाला की संध्याकाळी उधना दरवाजाकडून खारी घेऊन जातो, नूतनला खारी दिली की अर्धा तह होतो. त्यानंतर कामाला लागला. गुणगुणत होता. मला कामाच्या वेळी ते आवडायचे नाही, म्हणून लक्षात आहे.

तेव्हा तो तुझ्यावर रागावलेला नव्हता. तुझे बोलणे घरून घेऊन आला होता, पण ते त्याने माझ्या टेबलावर ठेवून दिले होते.

साडेअकराला कडोदऱ्याचा फोन आला आणि आमचे बोलणे झाले, ते मागच्या पत्रात लिहिले आहे. सगळे लिहिले नव्हते. तो म्हणाला, ‘तू कधीतरी ऐकणार आहेस का माझं?’ मी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. समोर बसलेल्या भावाला मी चिठ्ठी लिहिली. त्याने ती वाचली, खिशात घातली, चिपची डबी उचलली आणि गेला. जिन्यावरचा त्याचा पाय जोरात वाजत होता.

म्हणून, हो, रागात होता. माझ्यावर होता. फक्त माझ्यावर.

आईला सांगायला मी येत्या रविवारी येतो आहे.

अजून एवढेच राहिले आहे. खाली त्याची स्कूटर सुरू होईना. मी वर खिडकीत उभा होतो. त्याने चार-पाच किका मारल्या, स्कूटर एका बाजूला वाकडी केली, सरळ करून पुन्हा मारल्या. वर बघितले नाही. ‘चहा घेऊन जा’ एवढे मी म्हटले असते तर तो आला असता. त्याचा राग चहापुढे टिकत नसे. मी म्हणणारच होतो. पण वर आला की पुन्हा केबलचे काढेल असे वाटले, म्हणून आणखी एक किक बघू म्हटले. त्या किकला ती सुरू झाली.

शालिग्राम